दोन शपथांचा शिपाई : जॉन बॉइल ओ'रायली

जुलै १८६६. डब्लिनच्या लष्करी तुरुंगात बावीस वर्षांचा एक कैदी खिळ्यानं भिंतीवर कविता कोरत होता. कविता संपल्यावर त्यानं खाली आपली ओळख लिहिली. तिचा अर्थ असा : एके काळी इंग्रज शिपाई, आता आयरिश गुन्हेगार, आणि या अदलाबदलीचा अभिमान आहे.

त्याचं नाव जॉन बॉइल ओ'रायली. पुढे तो अमेरिकेतल्या बॉस्टनचा नावाजलेला संपादक आणि कवी झाला, पण त्याचं सगळं आयुष्य मला या एका ओळीत दिसतं. ती नीट कळायला मात्र आधी बऱ्याच गोष्टी समजून घ्याव्या लागतात. इंग्रजांचं राज्य नको असलेला आयरिश तरुण इंग्रजांच्याच फौजेत का गेला? गोळी न झाडता त्याला मृत्युदंड कसा काय सुनावला गेला? आणि त्याच्याबरोबरचे इतर बंडखोर सुटत गेले तरी त्याच्यासारखे शिपाई मागे का राहिले?

ओ'रायलीचा जन्म २८ जून १८४४ चा, आयर्लंडच्या पूर्वेकडे बॉइन नदीकाठी असलेल्या डाउथ गावातला. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. या गावात पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं आहे. प्रोटेस्टंट राजानं कॅथलिक राजाला हरवलं ती १६९० ची बॉइनची लढाई इथून काही मैलांवर झाली. जवळच्या ड्रॉहेडा शहरात १६४९ साली इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या फौजेनं कत्तल केली होती. तिथल्या पोरांना इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नव्हता, तो रोज जाता-येता दिसत होता.

तो वर्षाचा झाला आणि बटाट्यावर करपा पडला. गरीब आयरिश कुटुंबाचं पोट जवळजवळ एकट्या बटाट्यावर चालायचं. जमीन जमीनदाराची. गहू, ओट, गुरं जे काही पिकेल-पोसेल ते खंडापायी विकायचं आणि उरलेल्या तुकड्यात बटाटा लावून जगायचं, असा तो हिशोब. बटाटा सलग काही वर्षं कुजला तेव्हा माणसं मेली, आणि त्याच काळात बंदरांतून धान्य बाहेर जातच राहिलं. सुमारे दहा लाख लोक मेले आणि त्याहून जास्त देश सोडून गेले. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. ओ'रायलीच्या घरी मास्तरकीचा आधार होता, ते वाचले. पण त्याच्या पिढीतल्या कुणालाच हा दुष्काळ निव्वळ निसर्गाचा कोप वाटला नाही.

अकराव्या वर्षी तो ड्रॉहेडातल्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. पुढे इंग्लंडमध्ये प्रेस्टनला मावशीकडे राहून पुन्हा वर्तमानपत्रातच काम केलं, तिथल्या स्वयंसेवक सैन्यात कवायतही शिकला. १८६३ मध्ये तो आयर्लंडला परतला आणि दहाव्या हुसार या घोडदळाच्या पलटणीत भरती झाला. हीच पलटण १८४६ नंतर काही वर्षं आपल्या पुण्याजवळ खडकीच्या छावणीत होती आणि तिथून क्रिमियाच्या युद्धावर गेली होती. ओ'रायली तिच्यात आला तेव्हा ती आयर्लंडमध्ये तैनात होती.

आयरिश माणसानं ब्रिटिश गणवेश घालणं तेव्हा अजिबात नवलाचं नव्हतं. १८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करातल्या शिपायांत चाळीस टक्क्यांहून जास्त आयरिश होते. घरी शेत नाही, गावात काम नाही, आणि भरती झालं की दोन वेळचं जेवण, कपडे आणि पगार. भरती करणाऱ्या अंमलदाराशी हात मिळवताना बहुतेकांच्या मनात राणी नसायची, भूक असायची. ओ'रायलीला शिपाईगिरी आवडतही होती. घोडा, शिस्त, बरोबरीच्या पोरांची संगत यांत तो रमला, चांगला शिपाई म्हणून नावाजला गेला.

एक शपथ त्यानं अशी घेतली. दुसरी शपथ १८६५ मध्ये आली.

आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड ही गुप्त संघटना १७ मार्च १८५८ ला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या सणादिवशी, जेम्स स्टीफन्सनं डब्लिनमध्ये सुरू केली. तिच्या लोकांना फेनियन म्हणत. आयरिश दंतकथांमध्ये फियाना नावाचे योद्धे आहेत, त्यांच्यावरून हे नाव पडलं. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं : लंडनच्या संसदेत अर्ज-विनंत्या करून काही मिळणार नाही, स्वतंत्र प्रजासत्ताक हत्यारानंच मिळवावं लागेल. पण हत्यारं आणायची कुठून आणि ती चालवायला शिकवणार कोण? उत्तर समोरच होतं. आयर्लंडमधल्या ब्रिटिश छावण्या आयरिश शिपायांनी भरलेल्या होत्या. त्यांनाच फोडलं तर तयार फौज आणि तयार बंदुका, दोन्ही हाती येणार.

हे काम जॉन डेव्हॉय नावाच्या तरुणाकडे होतं. त्यानं स्वतः फ्रान्सच्या फॉरेन लीजनमध्ये नोकरी केली होती, त्यामुळे शिपायाशी कसं बोलायचं हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ओ'रायलीला गाठलं आणि ओ'रायलीनं आपल्या पलटणीतले कितीतरी आयरिश शिपाई शपथेला आणले. अंगावर राणीचा गणवेश आणि मनात प्रजासत्ताकाची शपथ.

इथे जरा थांबायला हवं, कारण याच ठिकाणी लोक त्याच्याविषयी दोन टोकांची मतं देतात. एक म्हणतो, हा देशभक्त. दुसरा म्हणतो, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमान. मला वाटतं, ओ'रायलीला स्वतःला हा पेच पुरता कळत होता. म्हणून तर त्यानं भिंतीवर 'शिपाई' आणि 'गुन्हेगार' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. पहिली शपथ आपण मोडली हे त्यानं लपवलं नाही. ती कशासाठी मोडली, तेवढं सांगितलं.

गुप्त संघटनांचं नेहमी होतं तेच झालं. फितुरांनी बातम्या दिल्या. सरकारनं फेब्रुवारी १८६६ मध्ये खटल्याविना अटक करायचा अधिकार हाती घेतला आणि धरपकड सुरू केली. डेव्हॉय सापडला, ओ'रायलीही सापडला. जूनच्या अखेरीस कोर्ट मार्शल उभं राहिलं. आरोप असा होता की, राणीच्या फौजेत बंड होणार हे त्याला माहीत होतं आणि त्यानं ते वरिष्ठांना कळवलं नाही. एवढाच. साध्या नागरिकासाठी असं गप्प राहणं आणि प्रत्यक्ष बंड करणं यांत मोठं अंतर असतं. लष्करी कायद्यात ते अंतर नव्हतं. बंडाची खबर दडवणाऱ्या शिपायालाही बंडखोराइतकीच शिक्षा होऊ शकत होती. त्याला मृत्युदंड सुनावला गेला, आणि नंतर तो बदलून २० वर्षांची सक्तमजुरी केली गेली. मग भर छावणीत, सगळ्या फौजेसमोर गणवेश उतरवून त्याला कैद्याचे कपडे चढवले.

नागरिक आणि शिपाई यांच्यातला हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. लंडनमधल्या राज्यकर्त्यांच्या नजरेत शेतकरी, शिंपी किंवा पत्रकार असलेला फेनियन हा राजकीय वेडानं भरकटलेला माणूस होता, त्याला कधीतरी माफी देता येईल. पण शिपाई असलेला फेनियन माफ केला तर उद्या कुठल्याही पलटणीवर भरवसा राहणार नाही. म्हणून १८६९ आणि १८७१ मध्ये माफ्या मिळाल्या तेव्हा बहुतेक नागरिक फेनियन सुटले आणि शिपाई मागे राहिले.

ओ'रायली एका तुरुंगातून दुसऱ्यात फिरत राहिला. इंग्लंडमधल्या मिलबँकची एकांतकोठडी झाली, डार्टमूरचं दलदलीतलं काम झालं. त्यानं पळायचे प्रयत्नही केले, पण दर वेळी पकडला गेला. ऑक्टोबर १८६७ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियाला निघालेल्या 'हूगोमाँ' जहाजावर चढवलं. त्यावर सुमारे २८० कैदी होते आणि त्यांतले ६२ फेनियन. आपल्याकडे 'काळं पाणी' म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, त्याचीच ही गोऱ्या कैद्यांसाठीची आवृत्ती. ऑस्ट्रेलियाच्या बाकीच्या वसाहतींनी कैदी घ्यायला केव्हाच नकार दिला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियाला मात्र मजूर मिळत नव्हते, म्हणून १८५० पासून ती कैदी मागवत होती. जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलच्या बंदरात लागलेलं 'हूगोमाँ' हे ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारं शेवटचं जहाज ठरलं.

तीन महिन्यांच्या त्या प्रवासात फेनियनांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी हातानं लिहून एक साप्ताहिक काढलं. जॉन फ्लड त्याचा संपादक आणि ओ'रायली त्याचा उजवा हात. कविता, विनोद, कथा असे सात अंक निघाले. ते डेकखाली कंदिलाच्या उजेडात मोठ्यानं वाचले जात. नाव ठेवलं होतं 'द वाइल्ड गूज', म्हणजे रानहंस. १६९१ मध्ये इंग्रजांशी झालेल्या लिमरिकच्या तहानंतर हजारो आयरिश सैनिक देश सोडून युरोपातल्या राजांच्या फौजांत गेले. त्यांना आयरिश लोक रानहंस म्हणतात : उडून गेले आणि परतले नाहीत. बेड्यांतल्या माणसांनी स्वतःला हे नाव घेतलं, त्यात सगळं दुःख आलं आणि थोडा ताठाही आला. त्या अंकांची हस्तलिखितं आज सिडनीच्या ग्रंथालयात जपलेली आहेत.

ओ'रायलीचा कैदी क्रमांक ९८४३. फ्रीमँटलहून त्याला दक्षिणेला बनबरीच्या रानात रस्ता बांधणाऱ्या टोळीत पाठवलं. लिहिता-वाचता येतं म्हणून निरोप पोचवायचं आणि कागदपत्रांचं काम त्याच्याकडे आलं. टोळीच्या वॉर्डरच्या मुलीशी, जेसीशी, त्याचा जीव जडला. कैदी आणि वॉर्डरची मुलगी. त्यातून काही चांगलं निघणं शक्य नव्हतं. १८६८ च्या डिसेंबरात त्यानं हाताची शीर कापून जीव द्यायचा प्रयत्न केला, पण वेळेत कुणाच्या तरी नजरेला पडला म्हणून वाचला. त्याची गोष्ट सांगताना पुष्कळ जण हा भाग गाळतात. गाळू नये. पुढे जे साहस आहे ते एका हसऱ्या, बेडर तरुणाचं नाही, तळ बघून वर आलेल्या माणसाचं आहे.

त्या भागात पॅट्रिक मकेब नावाचे एक आयरिश पाद्री होते. एकटा रानात पळालास तर मरशीलच, असं त्यांनी ओ'रायलीला समजावलं आणि स्वतःच बंदोबस्त केला. रानात पळून जायचं कुठे? एका बाजूला वाळवंट, दुसरीकडे समुद्र. सुटका असलीच तर समुद्रातून, आणि त्या समुद्रात अमेरिकेतून आलेली व्हेल मासे मारणारी जहाजं पाण्यासाठी, शिध्यासाठी बनबरीला थांबत. ती अमेरिकन असल्यामुळे भर समुद्रात त्यांवर ब्रिटिश पोलिसांचा हुकूम चालत नव्हता.

१८ फेब्रुवारी १८६९ च्या रात्री ओ'रायली टोळीतून निसटला. मग्वायर नावाच्या आयरिश शेतकऱ्यानं होडी आणली. ठरल्याप्रमाणे 'व्हिजिलंट' जहाजानं त्याला भर समुद्रात उचलायचं होतं. जहाज दिसलंही. होडीतल्यांनी हाका मारल्या, कापड फडकवलं, पण जहाज निघून गेलं. मग दोन आठवडे वाळूच्या टेकड्यांत लपून राहणं. पाणी कमी, ऊन भाजून काढणारं. अखेर 'गझेल' नावाच्या दुसऱ्या जहाजानं त्याला घेतलं. बरोबर बोमन नावाचा एक कैदीही आला. त्याला या बेताचा वास लागला होता, आणि 'मलाही न्या, नाहीतर पोलिसांना सांगतो' अशी धमकी देऊन तो चढला होता.

'गझेल'वर हेन्री हॅथवे नावाचा खलाशी-अधिकारी होता. व्हेलच्या शेपटीच्या तडाख्यानं होडी फुटली तेव्हा यानंच ओ'रायलीला बुडताना बाहेर काढलं. आणि पुढे मॉरिशसजवळच्या रॉड्रिग्स बेटावर पुन्हा एकदा वाचवलं, ते डोकं चालवून. बेट ब्रिटिशांचं. पळालेला कैदी जहाजावर असल्याची खबर आधीच पोचलेली. अधिकारी चढले आणि बोमनला घेऊन गेले. आता बोमन आपल्याबद्दल सांगणार हे ओ'रायलीला कळून चुकलं. रात्री हॅथवेनं त्याला जिन्याखालच्या एका अरुंद कप्प्यात दडवलं, हत्यारं पाजायचा जड गोल दगड उचलून समुद्रात टाकला, मागोमाग ओ'रायलीची टोपी टाकली आणि माणूस बुडाला म्हणून आरडाओरडा झाला. खलाशांनी पाणी धुंडाळलं, टोपी तेवढी मिळाली. दुसऱ्या दिवशी पोलीस परत आले तेव्हा निशाण अर्ध्यावर उतरलेलं आणि सगळ्या जहाजावर खरंखुरं दुःख. खरंखुरं अशासाठी की हॅथवेनं ते गुपित जवळजवळ कुणालाच सांगितलं नव्हतं.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ तो दुसऱ्या अमेरिकन जहाजावर गेला आणि थेट लिव्हरपूलला पोचला, म्हणजे ज्या देशातून पळायचं त्याच देशात. तिथे काही दिवस लपून तिसरं जहाज पकडलं. त्या जहाजाचं नाव होतं 'बॉम्बे'. २३ नोव्हेंबर १८६९ ला 'बॉम्बे'नं त्याला फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरवलं. उतरल्यावर त्यानं आधी न्यायालयात जाऊन अमेरिकन नागरिक व्हायचा अर्ज केला.

पंचविसाव्या वर्षी तो बॉस्टनला आला आणि 'द पायलट' या आयरिश कॅथलिक साप्ताहिकात लागला. दुष्काळातून पळून आलेल्या आयरिश लोकांनी बॉस्टन भरलं होतं आणि जुन्या इंग्रज वंशाच्या प्रतिष्ठितांना ते नकोसे होते. ओ'रायलीचं काम या दोघांच्या मध्ये उभं राहायचं. १८७० मध्ये अमेरिकेतल्या फेनियनांनी ब्रिटिशांना धक्का द्यायला कॅनडावर चढाई केली. ओ'रायली बातमीदार म्हणून गेला आणि तिथला गोंधळ, फुकटची मरणं डोळ्यांनी पाहून आला. त्याच्या मताला तिथे वळण मिळालं असं मला वाटतं. स्वातंत्र्याचा आग्रह त्यानं सोडला नाही, पण गुप्त शपथांवरचा त्याचा भरवसा उडाला. यापुढे जे म्हणायचं ते छापून, नावानिशी.

बॉस्टनच्या १८७२ च्या मोठ्या आगीत आणि नंतरच्या मंदीत 'पायलट'चा मालक बुडाला. गरीब आयरिश लोकांनी त्याच्याकडे ठेवलेल्या ठेवीही बुडाल्या. १८७६ मध्ये ओ'रायली आणि बॉस्टनचे आर्चबिशप विल्यम्स यांनी मिळून साप्ताहिक विकत घेतलं आणि मिळकतीतून त्या ठेवी वर्षानुवर्षं फेडल्या. कायद्यानं हे कर्ज त्यांचं नव्हतं.

कवी म्हणून तो केवढा? प्रामाणिकपणे सांगायचं तर, हयातीत मिळालेली कीर्ती त्याच्या सगळ्या कवितांना आज झेपत नाही. स्मारकांच्या उद्घाटनाला लिहिलेली लांबलचक पद्यं त्या काळातच राहिली. पण १८७३ च्या पहिल्या संग्रहातल्या, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रानावरच्या कविता वेगळ्या आहेत. सुगंध नसलेली फुलं, गाणं नसलेले पक्षी अशी ती भूमी त्यानं पाहिली. तिनंच त्याला कोंडलं होतं आणि तरीही त्याला तिची ओढ राहिली. 'अ व्हाइट रोझ' ही त्याची आठ ओळींची प्रेमकविता आजही लोकांच्या तोंडी आहे. तांबडा गुलाब म्हणजे वासना, पांढरा म्हणजे निर्मळ प्रीती, हे सांगून तो प्रियेला पाठवतो मात्र तिसरंच फूल : पाकळीच्या टोकाशी लाली असलेली दुधाळ कळी. दुसऱ्या एका कवितेत तो आकडेमोड करून, हात आखडून केलेल्या दानधर्माला फटकारतो. तुरुंगात संस्थांची दया खाल्लेला माणूस तिथे बोलतो आहे, हे वाचताना कळतं.

त्याच्या लेखणीची खरी कसोटी मला दुसरीकडे दिसते. बॉस्टनमधले आयरिश मजूर आणि काळे लोक यांच्यात कामासाठी चुरस होती, वैर होतं. आयरिश वाचकांवर जगणाऱ्या संपादकानं काळ्यांच्या बाजूनं लिहिणं धोक्याचं होतं. ओ'रायलीनं ते सातत्यानं लिहिलं, सभांमधून बोलला. १७७० मध्ये बॉस्टनमध्ये ब्रिटिश शिपायांच्या गोळीबारात पडलेला काळा माणूस क्रिस्पस अ‍ॅटक्स याच्यावर १८८८ मध्ये कविता लिहिली. ज्यूंच्या द्वेषावरही त्यानं टीका केली. मात्र स्त्रियांच्या मतदानाला तो ठाम विरोध करत राहिला. स्वातंत्र्यासाठी मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला हे दिसू नये, याचं मला वाईट वाटतं.

आता मागे राहिलेल्यांकडे वळू. १८७४ च्या सुमारास फ्रीमँटलच्या शिपाई-कैद्यांपैकी जेम्स विल्सनचं पत्र न्यूयॉर्कमध्ये जॉन डेव्हॉयला मिळालं. आम्ही जिवंतपणी थडग्यात आहोत, असं त्यात होतं. या माणसांना शपथ डेव्हॉयनंच दिली होती. तो स्वतः माफी मिळून सुटला होता आणि ते तिथेच होते. हत्यारी टोळी पाठवायच्या कल्पना निघत होत्या. ओ'रायलीनं अनुभवाचा सल्ला दिला : व्हेल मारणारं जहाज विकत घ्या, त्यावर संशय येत नाही. आणि अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदरात राहणाऱ्या, 'गझेल'वरच्या त्याच हॅथवेची गाठ घालून दिली. 'कटाल्पा' जहाज एप्रिल १८७५ मध्ये निघालं. कप्तान जॉर्ज अँथनी आयरिश नव्हता. १७ एप्रिल १८७६ ला सहा कैदी कामावरून निसटून किनाऱ्यावर आले आणि होडीत बसले. १९ एप्रिलला ब्रिटिश आगबोट 'जॉर्जेट'नं जहाजाला गाठून तोफेची गोळी पुढून सोडली. अँथनीनं वर फडकणाऱ्या अमेरिकन निशाणाकडे बोट दाखवलं. आगबोट परतली. १९ ऑगस्टला सहाही जण न्यूयॉर्कला उतरले.

इंग्लंडच्या तुरुंगात ठेवलेल्यांच्या वाट्याला हे आलं नाही. ओ'रायलीबरोबर शिक्षा भोगलेला सार्जंट मॅकार्थी सुटून जानेवारी १८७८ मध्ये डब्लिनला आला. आयरिश नेता पार्नेलनं सुटलेल्यांना न्याहारीला बोलावलं होतं. तिथेच तो कोसळला आणि गेला.

ओ'रायलीला माफी कधीच मिळाली नाही. १८८० च्या दशकात कॅनडातून भाषणाचं बोलावणं आलं तेव्हा त्यानं ब्रिटिश सरकारकडे परवानगी मागितली, ती नाकारली गेली. डाउथची नदी त्याला पुन्हा दिसली नाही. तोवर त्याचं लग्न झालं होतं, चार मुली होत्या, लेखन, भाषणं, मुष्टियुद्ध, होड्या सगळं जोरात चालू होतं आणि झोप मात्र येईनाशी झाली होती. १० ऑगस्ट १८९० च्या पहाटे, बॉस्टनजवळच्या हल गावी, पत्नीच्या झोपेच्या औषधाचा, क्लोरलचा, जास्त डोस त्याच्या पोटात गेला. वय ४६.

२८ जून १९६३ ला, त्याच्या वाढदिवशी, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी डब्लिनच्या संसदेत बोलायला उभे राहिले. पणजोबा दुष्काळाच्या काळात बॉस्टनला गेलेल्या या माणसानं भाषणात ओ'रायलीच्या ओळी म्हटल्या : प्रेमाची दोन माणसं दुरावली की जग फार मोठं वाटतं, आणि शत्रू पलीकडे मोकळा असला की तेच जग फार लहान होतं. ज्या सभागृहात त्या ऐकल्या गेल्या ते स्वतंत्र आयर्लंडचं होतं.